राखेतला इंग्रजी शब्द

काल जळगावात आमच्या गच्चीवर मुलीनं भरतासाठी वांगी भाजायला घेतली. शेजारी खुर्चीवर माझी म्हातारी आई बसली होती. कापसाच्या काड्यांचा धूर नाकात गेला आणि मी थेट अमळनेरजवळच्या आमच्या शेतात पोचले.

बँकेच्या परीक्षेसाठी मी तेव्हा अवघड इंग्रजी शब्द पाठ करत होते. आई निखाऱ्यांवर वांगी फिरवत होती, मी बाजूला बसून मोठ्यानं घोकत होते, "स्मोल्डर, म्हणजे ज्वाळा न निघता आतल्या आत जळत राहणं." काही केल्या तो शब्द डोक्यात टिकत नव्हता. सहज समोर पाहिलं. काड्या विझल्यासारख्या दिसत होत्या, वर नुसती राख; पण वांग्यांची साल तडतडत होती.

"आई, हेच की ते!" मी ओरडलेच.

"याले इंग्रजीमा काय म्हनतस?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. चौथीत शाळा सुटलेली आई मग वांगी उलटताना तो शब्द पुटपुटत राहिली. मला नुसती गंमत वाटली. तिला तो कशाला हवा होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

परीक्षेत तो शब्द आलाच नाही. नोकरी लागली आणि बाकीचेही बरेचसे विसरले.

काल मुलगी पुठ्ठ्यानं जोरजोरात वारा घालायला लागली, तशी आई खुर्चीतून पुढे वाकली.

"भडकू देऊ नको वं. स्मोल्डर होऊ दे."