‘फेरफटका’चं मागचं पान

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर अंबूबाई सकाळच्या प्रवाशांना ‘फेरफटका’ वाटायची. फुकटचं पाक्षिक, सोळा पानं, त्यातली दहा जाहिरातींची. पण मागच्या पानावर ‘गुंडू कंडक्टर’ ही चित्रकथा असायची आणि ती काढायचा तिचा एकुलता एक मुलगा, आदर्श. बाईला अक्षरओळख नव्हती. गुंडूचं सुटलेलं पोट बघूनच ती पदराआड हसायची.

“आई, गठ्ठा संपला पायजे हं,” आदर्श बजावायचा. “अंक उरले की मालक म्हणतोय, तुझं कोण वाचत न्हाय.”

मग काय, अंबूबाई हात धुऊन लोकांच्या मागे लागायची. सुटलेल्या गाडीमागे पळत जाऊन खिडकीतून अंक द्यायची. तीन वर्षांत घरी म्हणून एक अंक तिने ठेवला नाही. पोरगं रोज डोळ्यांसमोर मोबाईलवर बोट फिरवत चित्रं काढतंय, मग रद्दी कशाला साठवायची?

आणि लोक तरी काय एकेक! गारगोटीला रोज ये-जा करणारे अंक वाचायचे, खिदळायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोच खिडकीतून सीटवर टाकून जागा धरायचे.

गेल्या महिन्यात तीन दिवसांच्या तापाने आदर्श गेला. चोविसावं वर्षही अजून संपायचं होतं. तेरावं झालं आणि अंबूबाईने त्याच्या हातचं एखादं चित्र मिळावं म्हणून घर उलथंपालथं केलं. सगळी चित्रं मोबाईलमध्ये, आणि मोबाईल उघडायचा त्याच्याच बोटाने. ‘फेरफटका’च्या ऑफिसला टाळं, अंक बंद पडला होता. काळजात नुसती आग लागली होती तिच्या. आपणच आपल्या हाताने सगळं वाटून टाकलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टँडवर गेली. गारगोटीच्या गाडीत चढून एकेक सीट बघत निघाली. तिसऱ्या सीटवर एक मळकट अंक पडलेला दिसला. तिने झडप घातली.

“ओ मावशी, माझी जागा हाय ती!” खिडकीखालून रोजचे प्रवासी गणपतराव गुरुजी ओरडले.

“जागा तुमचीच, गुरुजी. एवढा कागद तेवढा मला द्या.”

“घ्या की! फुकटचं तर हाय.”

अंबूबाईने मागचं पान उलगडलं. लोकांनी त्यावर बसून बसून गुंडूचा चेहरा पार पुसट झाला होता. गुरुजी वर आले तसं तिने पान त्यांच्यापुढे धरलं.

“ह्यात माझ्या आदर्शचं नाव कुठं लिवलेलं असतंय? बोट ठेवून दावा. गेला वो माझा पोरगा.”

गुरुजींचा चेहरा पडला. त्यांनी खालच्या कोपऱ्याकडे बोट नेलं आणि तिथेच थांबले. तो कोपरा कुणीतरी तंबाखूच्या पुडीला फाडून नेला होता.

“हितं असायचं, मावशी,” ते कसेबसे म्हणाले.

अंबूबाई त्याच सीटवर बसली, पान छातीशी धरलं आणि भरल्या गाडीत मोठ्याने रडू लागली. गाडी सुटायची वेळ टळून गेली, तरी तिला कुणी ऊठ म्हणालं नाही.