समुद्राची ओटी

अलिबागला जायचं ठरलं तेव्हा माझी जाऊ म्हणाली, "जावा, पर येताना अलिबागवरनं आल्यासारखं करू नका." घरात सगळे हसले, मीही हसले. समुद्राबद्दल माझ्या मनात कसलाही भ्रम नव्हता. मोबाइलवर निळंशार पाणी दिसतं, पांढरी वाळू दिसते. पण शेजारच्या बाई आदल्या वर्षी जाऊन आल्या होत्या आणि त्यांनी खरं ते सांगितलं होतं. वाळू काळी, पाणी गढूळ, शनिवार-रविवारी माणसावर माणूस. आम्ही परंड्याची माणसं, नळाला वेळेवर पाणी आलं तरी खूश होतो. आमचं काय बिघडणार होतं?

लग्न नवं होतं तेव्हा समुद्र बघायचा म्हणून मी मागं लागायचे, पण आता मला समुद्राकडून काही नकोच होतं. मला ह्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. 'मी तपासून घेतो', एवढंच.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. या वर्षांत माझं अंग तपासायचं काही शिल्लक राहिलं नाही. सुया, गोळ्या, सोमवार, मंगळवार, आणि शेवटी सोलापूरच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी माझे सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, "तुमच्यात काही दोष दिसत नाही. आता मिस्टरांना पाठवा." हे बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणाला असलं काय न्हाय." आणि चप्पल घालून चालायला लागले.

त्यानंतर सासूबाई आल्यागेल्याजवळ, मला ऐकू जाईल अशा बेतानं, 'दुसरी करावी लागंल' म्हणू लागल्या. हे तिथंच जेवत असायचे आणि खाली मान घालून भाकरी मोडत राहायचे. म्हणून एके दिवशी ह्यांनी आपणहून "चल, तुला समुद्र दाखवतो" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, घराबाहेर पडल्यावर, आईच्या नजरेआड हा माणूस बोलेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं माझं झालं होतं.

माझ्या आईला कळलं तेव्हा तिनं तामलवाडीहून, माझ्या माहेराहून, ओटीचं सामान पाठवलं. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड. फोनवर म्हणाली, "समुद्राची वटी भर. नदीची भरतेत, ह्यो तर समद्या नद्यांचा थोरला." तुळजापूरच्या वाटेवर जन्म काढलेली बाई ती. तिला ओटीखेरीज दुसरा उपाय माहीत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा समुद्र जाग्यावर नव्हता. किनाऱ्यापासून लांबवर नुसता चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि त्याच्याही पलीकडं कुठंतरी पाण्याची रेघ. हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हितं बी आटलं व्हय?" म्हणाले. उन्हाळ्यात आमचं धरण असंच दिसतं. शहाळेवाला हसला. "ओहोटी आहे, काका. येईल दुपारनंतर." एवढ्या लांबून एखाद्याला भेटायला जावं आणि तो नेमका बाहेर गेलेला असावा, तशी आमची गत झाली. आम्ही दगडी कट्ट्यावर वाट बघत बसलो. घोडागाड्या घुंगरं वाजवत जात होत्या, लोक एकमेकांचे फोटो काढत होते.

दुपारनंतर पाणी आलं. चहासारखं गढूळ होतं, पण आलं. ह्यांना कट्ट्यावर ठेवून मी घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिले आणि पिशवीतून खण काढला. तेवढ्यात सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक बाई जवळ आली. "काय करतंस बाय?"

"ओटी भरते."

"कोणाची? दर्याची?" तिनं पाटी खाली ठेवली. "अगो, दर्या पुरुस हाय. त्याला नारल देतान. पुरुसाची ओटी कोण भरतं का?"

मला हसू आलं. तीही हसली. माझं हसू मात्र थांबेना, पोटात दुखायला लागलं तरी थांबेना, आणि मग तोंडावर पदर घ्यावा लागला. खरंच की. उपवास बाईचे, सुया बाईला, ओटी बाईची, आणि नावं ठेवायची तीही बाईलाच. पुरुषाला काय, नारळ द्यायचा आणि हात जोडायचे. मला त्या समुद्राचा असा राग आला की नारळ मी वाहिला नाही, फेकून मारला. ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

हे भेळ खात होते. मी समोर उभी राहिले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं, "तुम्ही एकदा तपासून घ्याल का? माझ्यासाठी?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "लगीन झाल्यापासनं समुद्र समुद्र करत हुतीस," म्हणाले. "म्हनलं, तेवढं तरी ऱ्हायला नको."

"ऱ्हायला नको म्हणजे?"

"भेळ खा. मऊ पडंल."

मी भेळ हातात घेतली, खाल्ली नाही. परतीच्या एसटीत पुण्यापर्यंत मी मनातल्या मनात ते वाक्य उलटसुलट करत होते. मला ऐकू कमी आलं असेल, त्यांना दुसरंच काही म्हणायचं असेल, मी उगाच मनाला लावून घेतलं असेल. रडायचंही बळ नव्हतं.

पुणे स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत मी ह्यांच्या मागं पिशव्या धरून उभी होते. परंड्याला जायला कुर्डुवाडीला उतरावं लागतं. तामलवाडीला जायला त्याच गाडीनं पुढं, सोलापूरला.

खिडकीतल्या माणसानं विचारलं, "दोन कुर्डुवाडी?"

"न्हाय," हे म्हणाले. "एक कुर्डुवाडी, एक सोलापूर."

कुर्डुवाडी आधी येते. उतरताना ह्यांनी पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

मी अजून केलेला नाही.