बारा मिनिटांचा राठोड

शिवहार कधी ताजातवाना दिसला असेल, असं मला आठवत नाही. सेनगावच्या आमच्या दाखला केंद्रात तो संगणकावर बसायचा; सकाळी यायचा तोच दिवसभर राबून आल्यासारखा. वय चौतीस, पण खुर्चीत बसताना कमरेला हात लावून बसायचा. त्याचे वडील लिंबाजी मेंढरं राखायचे. ते कधी केंद्रावर आले की पोराकडं बघून म्हणायचे, माझ्यामागं फिरला असता तर निदान ऊन-वारा तरी लागला असता.

मी उकंडराव, शेजारच्या टेबलावर. माझं काम अर्ज घेणं आणि शिक्का मारणं. संगणक येण्याआधी जन्माच्या नोंदी मीच वह्यांत लिहायचो. २००१ साली शिवहार आणि आणखी दोघांनी त्या तीन लाख नोंदी संगणकात चढवल्या. माझ्या वह्या गोणीत बांधून हिंगोलीच्या गोदामात गेल्या. त्याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू.

२००५च्या उन्हाळ्यात त्या संगणकानं आमच्या नाकीनऊ आणले. घोंगडे, टाले, शिंदे असलं आडनाव असलं की नोंद दोन-तीन सेकंदांत सापडायची. राठोड म्हटलं की बारा मिनिटं. त्यात दिवसाला सात-आठ तास वीज जायची. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा आणि राठोड शोधायला बारा लागायचे. मधेच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. बंजाऱ्यांच्या तांड्यांवरची ही राठोड माणसं व्हरांड्यात बसून राहायची, संध्याकाळी उठून जीपनं परत जायची.

वरच्या तांड्याच्या धुरपताबाई आणि त्यांची पोरगी संगिता अशाच तीनदा परत गेल्या. संगिताचं नाव नांदेडला नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. सोमवारी पाच वाजेपर्यंत जन्माचा दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. संगिता नुसती घड्याळाकडं बघायची. ते बघून शिवहारला जेवण जात नव्हतं.

ही संगणकाची व्यवस्था करून दिलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला त्यानं फोन लावला. मशीन जुनं झालं, नवीन घ्या, असं सांगून तो मोकळा झाला. मग शनिवारी शिवहार माझ्याकडं वळला. म्हणाला, "काका, तुमी वहीत राठोड कसा हुडकायचे?"

मी म्हणालो, "राठोड हुडकायचोच न्हाई. आधी तांडा इचारायचो, मग बापाचं नाव. आडनाव इचारून काय करतो, अर्धा तालुका राठोड हाय."

त्यानं खुर्ची संगणकाकडं फिरवली. मग त्यानं मला समजावून सांगितलं. पुस्तकाच्या मागं सूची असते तशी संगणकातही असते, तिला इंडेक्स म्हणतात. इंजिनिअरनं ती आडनावावर केली होती. पुण्यात ते बराबर असेल. इथं राठोड म्हटलं की संगणक ऐंशी हजार नोंदी एकेक करून उघडून बघत बसायचा.

रविवारी केंद्र बंद ठेवून त्यानं नवी सूची केली, तांडा आणि बापाचं नाव यांच्यावर. शोधायचा फॉर्मही तसाच बदलला. सोमवारी सकाळी पहिला राठोड डोळ्याचं पातं लवायच्या आत निघाला. दुपारपर्यंत व्हरांडा रिकामा झाला. माझा जीव भांड्यात पडला, आणि शिवहार त्या दिवशी पहिल्यांदा चहा गरम असताना प्याला.

साडेबारा वाजता धुरपताबाई आणि संगिता आल्या. वरचा तांडा, वडील बाबूसिंग. शिवहारनं बटण दाबलं. तेवढ्याच झटक्यात उत्तर आलं: नोंद नाही. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नोंदच झाली नसेल तर ती करायला कोर्टाचा हुकूम आणावा लागेल, असं त्यानं सांगितलं, आणि मीही मान डोलावली. उत्तर इतकं चटकन आलं होतं की ते चुकीचं असेल असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. त्या दोघी उठून निघून गेल्या.

संध्याकाळी कुलूप लावताना मला आठवलं. बाबूसिंगची पोरगी पोळ्याच्या दिवशी झाली होती. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लावलेली खांदेमळणीची हळद हाताला तशीच असलेला बाबूसिंग त्याच दिवशी नोंद करायला आला होता, आणि वहीच्या पानाला त्याचा पिवळा अंगठा लागला म्हणून मी त्याला ओरडलो होतो. मी शिवहारला तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं पुन्हा संगणक लावला आणि जुन्या पद्धतीनं, आडनावावरून शोध सुरू केला. बारा मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडं बघत उभे होतो.

संगिता बाबूसिंग राठोड. नोंद होती. फक्त तांड्याचा रकाना कोरा होता. पाच केव्हाच वाजून गेले होते, नांदेडची जागा गेली होती.

तो शिवहारनंच कोरा सोडला होता. २००१ला प्रत्येकाला दिवसाला चारशे नोंदी चढवायच्या होत्या, आणि तांड्याचा रकाना भरलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. गावाचं नाव टाकलं की झालं, म्हणून तो पुढं जायचा. बाकी दोघांनी भरला होता, यानं सहा हजारांवर नोंदींत सोडला होता. तो खाली बसला आणि म्हणाला, "म्याच केलं, काका."

सकाळी पहिल्या जीपनं आम्ही दाखला घेऊन तांड्यावर गेलो. संगिता शेळ्या घेऊन गेली होती. धुरपताबाईंनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि आम्हाला पाणी दिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मशीन हळू व्हतं तवर आमी वाट तरी पाहून राहिलो व्हतो, दादा," त्या शिवहारला म्हणाल्या. "काल तुमी न्हाई म्हनले, तं आमी उठून आलो."

शिवहारनं गोदामातून माझ्या वह्या परत मागवल्या. केंद्र बंद झालं की तो रोज कोरे रकाने भरतो, मी वाचून दाखवतो. अजून बरेच बाकी आहेत. तोवर पडद्यावर 'नोंद नाही' आलं तरी तो ते तोंडानं म्हणत नाही. माणसाला बसायला सांगतो आणि जुना, बारा मिनिटांचा शोध लावतो. मागं रांगेतली माणसं त्याला शिव्या घालतात. मी घालू देतो.