कचारगडच्या पायथ्याशी पळसाची पानं

शनिवारी सकाळी दवनीवाड्याहून निघाले तेव्हा मी भलतीच खुशीत होते. चिपळूणच्या शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभर इथल्या मुलांना गणित शिकवायला स्वयंसेवक म्हणून आले, पण शाळा आणि खोली सोडून या जिल्ह्यातलं काही म्हणून पाहिलं नव्हतं. जन्म कोकणात गेलेला, त्यामुळे गोंदिया म्हणजे माझ्यासाठी परदेशच! मुलगी अजून फोनवर विचारते, "आई, तिथं मराठी बोलतात ना?" बोलतात गं बाई, आणि आपल्यापेक्षा रोखठोक बोलतात.

सोबतीला भूमेश्वरी होती. गावच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहते. "खोलीत बसून कायले राहता मॅडमजी, कचारगड पाहाले चला," असं तीच म्हणाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं आणि खळ्यांवर पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले होते. हवेत गोड गारठा होता.

गोंदिया स्टेशनवर एक उंच, लाजरा तरुण पुढ्यात येऊन उभा राहिला. हातात समोसे, अगदी तिघांना पुरतील एवढे. "नमस्ते मॅडमजी, मैं हिवराज. मला पण तिकडेच जायचं आहे." वा रे योगायोग! भूमेश्वरी वेळापत्रकाकडे असं काही बघत होती की जन्मात पाहिलं नसावं.

गाडीत तो चहा आणायला उठला तशी मी तिला धरलीच. "मला पुढे करून आणलंस होय गं?"

"रागावू नका ना जी," ती म्हणाली आणि मग सगळं सांगून मोकळी झाली. दोघंही गोंड. दोघांना लग्न करायचंय. पण यांच्यात प्रत्येक घराण्याचे देव ठरलेले असतात, कोणाचे चार, पाच, कोणाचे सहा, सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. भूमेश्वरीचं घर सात देवांचं. आणि हिवराजला आपले देव किती तेच ठाऊक नाही! रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेलं पोर, आईबाप गेलेले, गावाकडे कोणी उरलेलं नाही. कचारगडच्या पायथ्याशी भूमेश्वरीची आत्या राहते. वडील गेल्यापासून भूमेश्वरीच्या घरात शब्द आत्याचाच. आज ती निकाल लावणार होती.

"मग सांग की त्याला, सहा म्हणून दे ठोकून!"

"म्हणूनच त्याले आमचा आकडा सांगितला नाई," ती शांतपणे म्हणाली. "खोटं बोलून लगन केलं अन् तो भाऊ निघाला तर? मी जन्मभर तोंड कोणाले दाखवू?"

दरेकसा स्टेशन येईपर्यंत डोंगर अगदी खिडकीशी आले होते, पण माझं लक्ष लागेना.

आत्या वाळकीशी, ताठ, दोन्ही हातांवर गोंदण. "जय सेवा" असा गोंडी नमस्कार करून तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ हिवराजला विचारलं, "देव किती?"

"पता नहीं, बुआजी."

"काऊन? बापानं सांगतला नाई?" तिनं आडनाव विचारलं आणि मान हलवली. "या नावाचे सहाचेही हायेत, सातचेही. जा, आधी गड पाहून या. मंग बसू."

वाट सागाच्या जंगलातून चढते. मध्येच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. हिवराजनं खिशातला रुमाल फाडून चप्पल पायाला अशी बांधली की मी शेवटपर्यंत चढले. वरची गुहा म्हणजे गोंडांचं देवस्थान, आणि केवढी म्हणून सांगू! आमची अख्खी शाळा आत मावेल. वर कातळाला खिंडार आहे, तिथून उजेड खाली उतरतो आणि पाकोळ्यांचा आवाज घुमत राहतो. भूमेश्वरीनं देवापुढं डोकं टेकवलं ते किती तरी वेळ उचललंच नाही. हिवराज शेजारी उभा होता. एकदा वाटलं, सांगावा याला आकडा कानात. जीभ चावून बाहेर आले.

परतलो तर जेवण तयार होतं. गरम भात, लाखोळीची डाळ, वर भरपूर सांबार (इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात), कोचईची, म्हणजे आपल्या अळकुड्यांची, भाजी. मी ताव मारला. ती दोघं नुसतीच बोटं फिरवत होती.

हात धुतल्यावर आत्यानं विचारलं, "नवं धान आल्यावर बाप पूजा करे का?"

हिवराजचा चेहरा उजळला. "हो, करत होते! क्वार्टरच्या मागे. पळसाच्या पानांवर चावल ठेवायचे."

"किती पानं?"

"याद नहीं. लहान होतो ना."

आत्यानं पळसाची पानं आणि नव्या तांदळाचं सूप त्याच्यापुढं ठेवलं. "आकडा नको सांगू. बाप मांडे तशी मांड. आमच्यात एका देवाचा एक पान." मग माझ्याकडे वळली. "मॅडमजी, तुमी हात पदरात ठेवा, बोटांनी खुणा नको." माणूस ओळखते हो बाई!

त्यानं डोळे मिटले, उघडले. उजवीकडे पान ठेवलं, दुसरं, तिसरं. प्रत्येकावर चिमूटभर तांदूळ. मग डावीकडे तीन. भूमेश्वरी दाराची चौकट धरून उभी होती. सहा झाली आणि त्याचा हात पुन्हा पानांकडे गेला. त्यानं सातवं पान उचललं आणि दोन्ही रांगांच्या मधोमध ठेवलं.

"याच्यावर तांदूळ नाई टाकले?" आत्यानं विचारलं.

"नाही बुआजी. याच्यावर बाबूजी दिया ठेवायचे."

आत्या पानांकडे बघत राहिली. मग तिनं उठून कोनाड्यातला दिवा आणला, पेटवला, त्या सातव्या पानावर ठेवला आणि म्हणाली, "दिव्याचा पान मोजत नसतेत. सहा देवाचा हाये पोरगा. भूमे, पाहुण्याले धड जेवाले वाढ, उपाशीच उठला तो."

रविवारी परतीच्या गाडीत मला राहवेना. हिवराजला विचारलं, "आणि त्या पानावर तांदूळ पडले असते तर रे?"

"मी हात थांबवला नाही मॅडमजी," तो म्हणाला. "बाबूजींचा हात दिसत होता, त्याच्या मागे मागे गेलो. त्यांचा चेहरा विसरलो होतो मी. काल दिसला."

दोन दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली भूमेश्वरी तेव्हा रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?