पालकसभेत उभी केलेली मुलगी
झेंडूचा वास आला की तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका शाळेतली पालकसभा आठवते. समाजकार्याची पदवी घेऊन मी नुकतीच कामाला लागले होते. चौथीतली एक मुलगी आळशी नाही, तिला अक्षरं ओळखताना खरंच अडचण येते, हे मला सगळ्यांना पटवायचं होतं, म्हणून मी तिला सभेत उभं करून धडा वाचायला लावला. ती पहिल्याच ओळीत अडखळली, बाया पदराआड हसल्या, तरी मी तिला पान संपेपर्यंत थांबू दिलं नाही. "बघितलंत? हिला वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल," मी म्हणाले. फुलांच्या तोडणीवरून थेट आलेला तिचा बाप उठला. "म्याडम, तुम्हीच दावलं की, हिला येत न्हाई. मंग शाळा कशाला?" दुसऱ्या दिवसापासून ती झेंडू तोडायला जाऊ लागली. आता मी दार लावून एकेका मुलाचं वाचन ऐकते. एवढं शिकायला मी तिची शाळा खर्ची घातली.