माळावर ऐकलेला आवाज
गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला, की औंढ्याच्या माळावरची ती सकाळ आठवते. मी तेव्हा एका व्यावसायिक फुटबॉल संघात बचावपटू होतो आणि मोठ्या सामन्याआधी घरी आलो होतो. वडील आणि थोरला भाऊ, दोघंही बचावपटूच. दोघांचाही खेळ उजव्या गुडघ्यानं संपवलेला. त्या सकाळी आम्ही तिघं माळावर सरावाला गेलो, तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की गोलचे खांबही दिसत नव्हते. भावानं मारलेला चेंडू अडवायला मी झटकन वळलो आणि वडील जागीच थांबले. "आवाज आला का रं गुडघ्यातनं?" त्यांनी विचारलं. "न्हाई, आबा." "मला आला. ही म्याच सोड तू." मी हसण्यावारी नेलं, भाऊ मात्र हसला नाही. सामन्याच्या उत्तरार्धात मी तसाच वळलो आणि कोसळलो. स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा वडील प्रेक्षकांत नव्हते. ॲम्ब्युलन्सच्या दाराशी उभे होते, हातात माझ्या कपड्यांची भरलेली पिशवी घेऊन. त्यानंतर मी कधी खेळलो नाही. ती पिशवी त्यांनी घरून निघतानाच भरली होती का, हे विचारायला माझी जीभ अजून रेटत नाही.