अकरा आकड्यांचा अंबाडा

न्या सुनिल्दाला केसांशी बोलायची सवय होती. माणसाशी ती नंतर बोलायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी डोक्यावरून हात फिरवायचा, एक बट चिमटीत धरून कानाशी चोळायची आणि मग त्या बटेचीच चौकशी करायची. त्या शनिवारी सकाळी अनाईची बट तिनं कानाशी धरली आणि तिचा चेहरा उतरला.

"आवाजच नाही," ती म्हणाली. "कधी धुतलंय तुम्हाला?"

"आजच सकाळी," अनाईच्या आईनं, ओबदुलियानं, मागून अभिमानानं सांगितलं. "दोनदा. सफरचंदाचा वास येतोय बघा. वर ते मऊ करायचं क्रीमही लावलं. परीक्षेला जायचं म्हणजे स्वच्छ नको?"

न्या सुनिल्दा वेताच्या मोड्यावर बसली. तिच्या ओसरीत दाताच्या डॉक्टरकडून उतरलेली एक खुर्ची, एक आरसा आणि हा मोडा एवढंच सामान होतं, आणि मोडा फक्त वाईट बातमीसाठी होता.

"ओबदुलिया, मी तुला काय सांगितलं होतं?"

"तीन दिवस धुवू नकोस म्हणून."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही पाणी वाचवायला सांगताय."

कारापेगुआ गावात पोक्त बाईच्या नावाआधी 'न्या' लावतात. सुनिल्दाच्या नावाआधी तो विसरला तर भांग वाकडा पडतो, असा गावातल्या पोरींचा अनुभव होता. एकतीस वर्षं ती नाचणाऱ्या पोरींची डोकी बांधत होती. डोक्यावर बाटल्या तोलून नाचायचं तर केस माथ्यावर गोल, चपटे बसवावे लागतात. आपली चुंबळ असते ना, तशी, पण केसांचीच. तिनं बांधलेला अंबाडा रंगमंचावर कधी सुटला नव्हता. ती हे कुणाला सांगायची नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक नसलेल्यांना ती शेजारणीकरवी कळवायची.

अनाईचं उलट होतं. तिचा नाच गावात एक नंबर आणि केस शेवटचा नंबर. कणसाच्या तुऱ्यासारखे बारीक, सरळ आणि सुळसुळीत. नाचशिक्षिका होण्याच्या शेवटच्या परीक्षेला ती दोनदा बसली होती आणि दोन्ही वेळा अर्ध्यात अंबाडा घसरून बाटली फुटली होती. पहिल्यांदा चुलत बहिणीनं बांधला होता, दुसऱ्यांदा राजधानीतल्या गार हवेच्या पार्लरनं. परीक्षा तीनदाच देता येते. आज तिसरी, संध्याकाळी पाच वाजता, चर्चच्या सभागृहात. प्रमाणपत्र मिळालं तर गावच्या शाळेत नाच शिकवायची जागा तिची होती. ती घरामागच्या आंब्याखाली नऊ मुलींना शिकवत होतीच, पण कागदाशिवाय शिकवते म्हणून शाळा तिला दारात उभं करत नव्हती.

"न्या सुनिल्दा, होईल ना?" अनाईनं आरशातून विचारलं.

"गप्प बस. मी केसांशी बोलतेय."

तेवढ्यात पंखा बंद पडला आणि पाठोपाठ शेजारचा रेडिओ. वीज गेली होती. उत्तरेचा गरम वारा सुटला की कारापेगुआत आधी वीज जाते आणि मग माणसांची डोकी. म्हणजे आता केस वाळवायचं यंत्र नाही आणि कुरळे करायची तापती सळईही नाही.

"ओबदुलिया, तू मागच्या अंगणात जा. तेरेरेचा गार चहा कर. बर्फ आहे पेटीत."

"मी इथं बसते ना. बघते."

"तेच नकोय. माझ्या खुर्चीमागं आया उभ्या राहत नाहीत. जा, पुदिना जास्त घाल."

आई गेली. न्या सुनिल्दानं स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणला. मांदिओकाच्या कंदाचं पांढरंशुभ्र पीठ, ज्याचे सणासुदीला चिपा नावाचे पाव भाजतात.

"हे काय?" अनाई म्हणाली. "मला भाजणार?"

"तुझ्या आईनं तुझ्या केसांना तूप लावलंय, तर मी पीठ लावते. स्वच्छ केस म्हणजे ओला साबण. धरायला जावं तर हातातून पळतो. मळलेला केस शेजारच्याला धरून बसतो. दोन मळलेले केस म्हणजे सख्ख्या बहिणी."

चिमूट चिमूट पीठ ती मुळांशी चोळत गेली. मग बारीक कंगवा उलटा मारून मुळं जराशी फुगवली. केस हळूहळू आवाज करू लागले, सुक्या गवतासारखा. ती बट पुन्हा कानाशी धरून म्हणाली, "हं. आत्ता बोलले."

मग माथ्यावर तिनं चार बारीक वेण्या घातल्या, करंगळीएवढ्या, टाळूला चिकटून. बाकीचे केस पिळून त्यांचा गोल केला, चार वेण्यांवर ठेवला, आणि सुईत केसांच्याच रंगाचा दोरा ओवून तो गोल वेण्यांना टाके घालत शिवला.

"शिवताय?"

"मग काय, डिंक लावू? हलू नकोस. एकदा एका पोरीला शिंक आली आणि मी तिचा कान शिवला."

"खरंच?"

"नाही. पण आता तू शिंकणार नाहीस."

अनाई खरोखरच शिंकली नाही. जरा वेळानं हळूच म्हणाली, "दोन वेळा फुटली, न्या सुनिल्दा. आवाज अजून कानात आहे. पार्लरवालीनं चाळीस आकडे खोवले होते. मी मोजले. प्रत्येक आकडा खोवताना ती म्हणायची, आता जागचा हलणार नाही."

"चाळीस?" न्या सुनिल्दानं सुई थांबवली. "अगं, तुझ्या केसांचं वजन नसेल तेवढं लोखंड झालं. मग तो अंबाडा घसरला नाही. तो बिचारा आकड्यांच्या ओझ्यानं खाली उतरला."

आकडे खोवून झाले तशी तिनं अनाईला उठवलं. "जा. सेनेटरीणबाईंना पकड."

सेनेटरीणबाई म्हणजे तिची लाल कोंबडी. अंबाडा बांधलेल्या प्रत्येक पोरीला ही कोंबडी धावून पकडावी लागे. त्याआधी आरसा मिळत नसे. कोंबडीलाही आता सवय झाली होती. पोरगी ओसरी उतरली की ती कुंपणाशी जाऊन तयारीत उभी राहायची. अनाई धावली, वळली, वाकली. ओबदुलिया तेरेरेचा पेला हातात धरून बघत राहिली. तिसऱ्या वळणावर अंबाडा डावीकडे कलला, थोडासाच, एका बोटाएवढा.

अनाईच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडी मात्र जागच्या जागी थांबून चोच पुसत राहिली.

"बस खुर्चीत," न्या सुनिल्दा म्हणाली.

"दोन वाजलेत," ओबदुलिया म्हणाली. "अजून थोडे आकडे खोवा ना. माझ्याकडं घरी मोठे आहेत."

"ओबदुलिया, तू पुदिना बघ."

न्या सुनिल्दा आता केसांशीसुद्धा बोलत नव्हती. तिनं सवयीनं सव्वीस आकडे खोवले होते. जाड केसांना चालतात तेवढे. तिनं एकेक काढायला सुरुवात केली. पंधरा काढले. उरलेले अकरा वेगळ्या तऱ्हेनं खोवले: आकड्याची लाटांची बाजू टाळूकडे, टोक आधी अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला, थोडे केस उचलायचे, मग आकडा उलटा वळवून आत ढकलायचा. दोन दोन आकडे एकमेकांवर फुलीसारखे. प्रत्येक फुलीखाली वेणी आहे ना, बोटानं चाचपून. अकराव्याला जोडीदार नव्हता. तो तिनं कपाळाकडून सरळ खोवला, बिनफुलीचा.

"हा एकटा?"

"हा देखरेखीला."

या वेळी सेनेटरीणबाई कुंपणावरून उडून शेजाऱ्याच्या आवारात गेली आणि अनाई तिच्यामागं कुंपणाखालून सरपटत गेली. परत आली तेव्हा गुडघ्याला माती, काखेत कोंबडी, आणि डोक्यावरचा अंबाडा जिथल्या तिथं.

पाच वाजता सभागृहात बसायला जागा नव्हती. न्या सुनिल्दा पडद्याच्या आड उभी होती, सुई पोलक्याला टोचून. समोर टेबलामागं राजधानीहून आलेल्या परीक्षक एर्मेलिंदा बाई, ताठ, काळ्या पोशाखात, पुढ्यात गुणांचे कागद.

हार्प सुरू झाला. अनाईनं घागरा पसरला. तिची शिक्षिका खुर्चीवर चढली आणि पहिली बाटली माथ्यावर ठेवली. एक फेरी. दुसरी बाटली पहिलीवर. न्या सुनिल्दानं डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटल्यावर जास्त दिसत होतं. तिसरी. आता अनाई गुडघ्यांवर बसली, मग हळूहळू वाकून जमिनीवरचा रुमाल तिनं बोटांनी उचलला आणि तशीच उठली. बाटल्या थरथरल्यासुद्धा नाहीत. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ओबदुलिया पहिल्या रांगेत रडत होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "सकाळी मीच न्हाऊ घातली."

एर्मेलिंदा बाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी हात वर केला आणि टाळ्या विरल्या.

"मी बावीस वर्षं परीक्षा घेतेय," त्या म्हणाल्या. "बाटली हलते. चांगल्यातल्या चांगल्या पोरीचीही हलते. गेल्या वर्षी याच मुलीची पडली, मी इथंच होते. केसांत तारेचं कडं बसवलंय. त्यात बाटली अडकते."

शिक्षिका पांढरी पडली. अनाई बाटल्यांसकट तशीच उभी होती. मान हलवून नाहीसुद्धा म्हणता येत नव्हतं.

"कडं नाही," पडद्याआडून न्या सुनिल्दा बाहेर आली.

"तुम्ही कोण?"

"हे डोकं माझं आहे. म्हणजे तिचं आहे, बांधलंय मी."

"मग सोडा. इथं, सगळ्यांसमोर. कडं नसेल तर दिसेलच."

सभागृहात कुजबुज झाली. एकतीस वर्षं आया मागच्या अंगणात तेरेरे पीत बसल्या होत्या, त्यातल्या निम्म्या आज इथं होत्या. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं तर चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. न्या सुनिल्दानं ते पाहिलं. मग तिनं अनाईकडे पाहिलं. पोरीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

"खुर्ची द्या," न्या सुनिल्दा म्हणाली.

शिक्षिकेनं बाटल्या उतरवल्या. न्या सुनिल्दानं एकेक आकडा काढून परीक्षक बाईंच्या कागदावर ठेवला. "एक. दोन. हे बघा, फुली. तीन."

"बास, अकराच?"

"अकराच."

मग तिनं पोलक्याची सुई काढून टाके उसवले.

"हा दोरा कशाला?" एर्मेलिंदा बाई पुढं वाकल्या.

"केस केसाला बांधायला. बाटलीला दोरा लागत नाही बाई, बाटलीला नाच लागतो."

मागून कुणीतरी हसलं. चार वेण्या सुटल्या. पिठाचा एक छोटा ढग उठला आणि परीक्षक बाईंच्या काळ्या पोशाखावर बसला. कडं नव्हतंच. केस खांद्यांवर घसरले, सरळ, सुळसुळीत, एक वळण नाही, एक मोड नाही. चार तासांची मेहनत त्या केसांच्या गावीच नव्हती.

एर्मेलिंदा बाईंनी एक बट बोटांत धरली. ती निसटली. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा निसटली.

"यावर तीन बाटल्या?"

"यावर."

मग त्यांनी अंगावरचं पीठ झटकलं, त्या खुर्चीत बसल्या आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर उभ्या राहून वाचलं. नाच, पैकीच्या पैकी. ताल, पैकीच्या पैकी. पोशाख, पैकीच्या पैकी. केशरचना, अर्धा गुण कमी. उत्तीर्ण.

ओबदुलिया शेजारणीच्या गळ्यात पडली. अनाई खुर्चीतच हसत-रडत होती. टाळ्या सुरू झाल्या. न्या सुनिल्दा मात्र टेबलाजवळून हलली नाही.

"अर्धा गुण कशाचा?"

"नियम आहे. निकालाच्या वेळी परीक्षार्थीचे केस बांधलेले हवेत. हिचे मोकळे आहेत."

"मोकळे कुणी करायला लावले?"

"न्या सुनिल्दा, पास झाले ना मी," अनाई खालून तिची बाही ओढत म्हणाली. "जाऊ द्या."

"तू पास झालीस गं राणी. नापास मी झालेय." ती परीक्षक बाईंकडे वळली. "असू दे. नियम तो नियम. बांधते पुन्हा. चार तास लागतील. तोवर दारं लावून घ्या, निकाल झाल्याशिवाय कुणी जेवायला जायचं नाही. ओबदुलिया, तेरेरे कर."

तिनं दोरा ओठांत ओला केला आणि सुईत ओवायला लागली. सभागृहात कुणाच्या तरी भुकेल्या पोटातला आवाज ऐकू आला. दारापाशी गावच्या पाद्रींनी घड्याळ पाहिलं. एर्मेलिंदा बाईंनी सुईकडे पाहिलं, मग पाद्रींकडे, मग पेन उचललं आणि अर्धा गुण खोडला.

"इथं सही करा," न्या सुनिल्दा म्हणाली. "खाडाखोड आहे."